फोनवरचं 'हां, हां' म्हणजे होकार नव्हे

विचारा की!
बँक, विमा, कर्ज यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न १

सप्रेम नमस्कार ताई,

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक. राहायला जुळे सोलापूर. रेल्वेची तिकिटं आणि विजेचं बिल भरायला बरं पडतं असं सून म्हणाली, म्हणून २०२२ मध्ये एका बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं. महिन्याला दोन-अडीच हजारांचा वापर. बिल खात्यातून आपोआप जातं, त्यामुळे मी ते कधी उघडून बघितलंच नाही.

परवा नात माझ्या मोबाईलवर स्टेटमेंट बघत बसली होती. म्हणाली, "आजोबा, हे आयडी प्रोटेक्ट काय आहे?" जानेवारी २०२५ मध्ये १,६९४ रुपये आणि त्याखाली जीएसटी ३०४.९२ रुपये. मागची स्टेटमेंटं काढली, तर २०२३ आणि २०२४ च्या जानेवारीतही तंतोतंत तीच रक्कम. एकूण ५,९९६ रुपये ७६ पैसे. चाळीस वर्षं पोरांना ताळा करून बघायला शिकवलं, आणि स्वतःचा ताळा तीन वर्षं केला नाही.

शाखेत गेलो. तिथला मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, तुमची संमती रेकॉर्ड झालेली आहे." त्यानं कुठूनतरी मागवून चाळीसेक सेकंद ऐकवलंसुद्धा. एक मुलगी हिंदीत भराभर बोलतेय: आधार, पॅन, कुणी तुमच्या नावावर कर्ज काढलं तर, एक लाखापर्यंत सुरक्षा. आणि मधेमधे माझा आवाज: "हां… हां… बोला… हां." मागे प्रचंड गलका. नीट ऐकलं तर "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम". तेव्हा आठवलं. सिद्धेश्वर यात्रेतला अक्षतेचा दिवस होता. मी नातीला खांद्यावर घेऊन संमती कट्ट्यापासून, म्हणजे जिथं लग्नाची संमती वाचतात त्या कट्ट्यापासून, वीस-पंचवीस फुटांवर उभा होतो. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात फोन. ओटीपी वगैरे मी कुणालाही दिलेला नाही.

बँक म्हणते, प्लॅन दुसऱ्या कंपनीचा आहे, त्यांच्याशी बोला. कंपनी म्हणते, पुढचं नूतनीकरण थांबवू, झालेले पैसे मिळणार नाहीत. तिन्ही वर्षांचे पैसे मागता येतील का? तोवर बिल भरायचं थांबवू का? की कार्डच कात्रीनं कापून टाकू?

एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

सर, पत्र वाचताना आधी हसू फुटलं. अख्ख्या सोलापुरात संमती या शब्दाला जिथं सर्वांत जास्त मान, त्या कट्ट्यापाशी उभं असताना तुमची संमती काढून घेतली! तिथं संमती वाचली जात होती ती सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाची, आणि हिशेब धरला गेला तुमच्या कार्डावर.

मग जरा खजील झाले. एकतीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा इथल्याच एका शाखेत. त्या सहा वर्षांत माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं एक आकडा लिहिलेला असायचा: या महिन्यात किती पॉलिसी. बाळीवेशीतले एक शिंपी मुलीच्या दागिन्यांसाठी लॉकर मागायला आले होते. मी लॉकरच्या अर्जाखाली विम्याचा अर्ज सरकवला. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे घ्यायलाच पाहिजे का?" मी म्हणाले, "सगळेच घेतात." ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट. तेव्हा टेबलाच्या पलीकडून हा खेळ कसा चालतो ते मला माहीत आहे. खाली जे सांगते ते त्या बाजूचं शिक्षण आहे असं समजा.

आधी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण कात्री घरातच असते. कार्ड आत्ता कापू नका आणि बंदही करू नका. पैसे परत येतात ते बहुतेक वेळा त्याच कार्डाच्या खात्यात जमा होतात, आणि खातं बंद असलं की "रक्कम कुठे जमा करायची" या एका वाक्यावर दोन महिने जातात. बिल भरायचंही थांबवू नका. दोन हजारांच्या वादापायी विलंब शुल्क, वर व्याज आणि सिबिलवर डाग, हा सौदा तोट्याचा. भरा, आणि भरताना लेखी कळवा की ही रक्कम मला मान्य नाही.

आता मूळ मुद्दा. तो चाळीस सेकंदांचा तुकडा बँक पुरावा म्हणून दाखवते आहे. मी तुमच्या जागी असते तर तोच माझा पुरावा म्हणून मागितला असता, पण पूर्ण. कॉल लागल्यापासून कटेपर्यंत. पूर्ण कॉल ऐकताना कागद घेऊन बसा आणि एवढंच बघा: १,६९४ हा आकडा त्या मुलीनं उच्चारला का? हे ऐच्छिक आहे, नको म्हणालात तरी कार्ड चालूच राहील, असं सांगितलं का? दर वर्षी आपोआप पैसे कापले जातील, हे सांगितलं का? आणि शेवटी थांबून, सरळ, "घ्यायचं का?" असा प्रश्न विचारला का? माझा अनुभव असा की चौथा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. विचारला की माणूस नको म्हणतो, हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आणि "हां, हां" बद्दल. पलीकडचा बोलत असताना मुकाट राहणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. माझी कानडी शेजारीण फोनवर "हां, हेळ्री" म्हणते, खालच्या मजल्यावरचे पद्मशाली काका "आ, चेप्पंडी" म्हणतात, तुम्ही "हां, बोला" म्हणालात. तिन्हींचा अर्थ एकच: ऐकतोय, पुढं चला. त्याला करार म्हणायचं असेल तर सोलापुरात रोज लाखभर करार होत असतील. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यांत कार्ड हरवणं किंवा कार्डावरची फसवणूक यांसाठीचा विमा ग्राहकाच्या मर्जीवर आणि त्याच्या स्पष्ट संमतीनंच देता येतो असं आहे. स्पष्ट हा शब्द अधोरेखित करा. गलक्यातलं "हां… बोला" त्यात बसतं असं कुणी माझ्यासमोर म्हणून दाखवावं.

बँक म्हणते कंपनीशी बोला. हे ऐकून घेऊ नका. कार्ड बँकेचं, पैसे लागले ते बँकेच्या बिलावर, तुमचा नंबर त्या मुलीला मिळाला तो कार्डामुळे. बाहेरच्या एजन्सीकडून विकून घेतलं तरी त्या विक्रीची अंतिम जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवरच राहते. म्हणून पत्र बँकेच्या नावे लिहा, प्रत कंपनीला.

पण एक गोष्ट नक्की करून घ्या: तुम्हाला विकलं ते नेमकं काय? अशा योजनांमध्ये बहुधा दोन वस्तू एका पुडीत बांधलेल्या असतात. वर असते एका सेवा कंपनीची "मेंबरशिप", म्हणजे एक फोन केला की तुमची सगळी कार्डं बंद करून देऊ वगैरे. आणि आत, मोफत म्हणून, एखाद्या विमा कंपनीच्या गट विम्याचं छोटंसं कवच. भरलेले पैसे मेंबरशिपचे दाखवले असतील, तर विमा कंपनी सरळ म्हणेल की आम्ही तुमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. म्हणून पत्रात विम्याचं प्रमाणपत्र मागा. त्यावर विमा कंपनीचं नाव आणि मूळ गट पॉलिसीचा क्रमांक असतो. प्रमाणपत्र आलं तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रारीचा दुसरा दरवाजा उघडतो. प्रमाणपत्र आलंच नाही, तर तेही तुमच्याच बाजूचं. ज्या सुरक्षेसाठी तीन वर्षं पैसे घेतले, तिचा कागदच ग्राहकाला दिलेला नाही.

पत्र मराठीत, हातानं लिहिलं तरी चालेल. तुम्ही शिक्षक, त्यामुळे पाच पानं लिहाल अशी भीती वाटते. एक पान पुरे. साधारण असं:

"माझ्या कार्डावर जानेवारी २०२३, जानेवारी २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रत्येकी १,९९८.९२ रुपये आयडी प्रोटेक्ट या नावानं लावण्यात आले. ही सेवा मी मागितलेली नाही आणि तिला स्पष्ट संमती दिलेली नाही. शाखेत ऐकवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये किंमत, ऐच्छिकपणा आणि वार्षिक नूतनीकरण यांचा उल्लेख मला ऐकू आला नाही. कृपया संपूर्ण रेकॉर्डिंग, विम्याचं प्रमाणपत्र आणि दोन्ही नूतनीकरणांपूर्वी मला पाठवलेल्या सूचनांच्या प्रती द्याव्यात. एकूण ५,९९६.७६ रुपये माझ्या कार्ड खात्यात परत जमा करावेत आणि योजना रद्द करावी."

रकमेत ते ७६ पैसे लिहाच. पैशासकट आकडा दिसला की समोरच्याला कळतं, या माणसानं कागद नीट बघितला आहे.

नूतनीकरणाच्या सूचना का मागायच्या, तेही सांगते. बाहेरची कंपनी कार्डावरून दर वर्षी आपोआप पैसे ओढत असेल तर १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याला वेगळे नियम लागू आहेत. अशी परवानगी पहिल्यांदा नोंदवताना ओटीपीसारखी पडताळणी लागते, आणि प्रत्येक वेळी पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, थांबवण्याची सोय देऊन. तुम्ही ओटीपी दिलेला नाही म्हणता. मग परवानगी कशाच्या जोरावर नोंदवली? बँक म्हणू शकेल की हे आम्हीच आमच्या बिलावर लावलेलं शुल्क आहे, तो नियम इथं लागत नाही. म्हणू द्या. असं म्हटल्याबरोबर "प्लॅन दुसऱ्या कंपनीचा, आमचा संबंध नाही" हे पहिलं वाक्य त्यांना गिळावं लागतं.

पत्र शाखेत दिलंत तर प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिवाय बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तिथून तीस दिवस मोजा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून बँका आणि वित्त कंपन्या यांच्यासाठी ही योजना एकत्र केलेली आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर भरता येते, अडलं तर १४४४८ वर विचारता येतं. आणि तुमच्यासारख्या हस्ताक्षराच्या माणसासाठी खास: कागदी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या चंडीगढच्या केंद्राकडे पोस्टानं पाठवता येते, कुठल्याही भाषेत. फी नाही. वकिलामार्फत पाठवू नका, तशी तक्रार तिथं घेत नाहीत. आणि तीस दिवस व्हायच्या आत घाई करू नका. आधी बँकेकडे मागितलंच नाही, या एका कारणावर कितीतरी चांगल्या तक्रारी परत येतात.

जिल्हा ग्राहक आयोग हा वेगळा रस्ता. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते, त्यामुळे बँकेचं मुख्यालय कुठेही असो, सोलापुरातच दाद मागता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथंही फी लागत नाही आणि स्वतः उभं राहून बोलता येतं. पण दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असलं की लोकपाल हात लावत नाहीत. तुमच्या रकमेला आधी लोकपाल, असं माझं मत. तारखांना पुण्या-मुंबईचा वकील उभा राहणार आणि तुम्ही रिक्षानं खेपा घालणार, हे सहा हजारांसाठी शेवटचं ठेवावं.

तिन्ही वर्षांचे मिळतील का? मागा तिन्हींचे. पण मनात मी असा हिशेब धरीन: २०२५ चे परत मिळणं सगळ्यांत सोपं, कारण नूतनीकरण ताजं आहे आणि सेवा वापरलेली नाही. २०२४ चं बोलून, ताणून. २०२३ ला मात्र बँक म्हणणार की स्टेटमेंट दर महिन्याला येत होतं, तुम्ही भरत होतात, मग बोलला का नाहीत. ग्राहक आयोगातही मुदत दोन वर्षांची, उशीर माफ करण्याची तरतूद असली तरी त्याला पटेल असं कारण द्यावं लागतं. न उघडलेलं स्टेटमेंट ही तुमची कमकुवत बाजू आहे, सर, ती झाकून तक्रार लिहू नका. सरळ लिहा: आपोआप भरणा असल्यामुळे पाहिलं नव्हतं, अमुक तारखेला नातीनं दाखवलं, तमुक तारखेला शाखेत गेलो. बँकेनं मधेच फोन करून "एक वर्षाचे देतो, मिटवा" म्हटलं तर फोनवर काहीही बोलू नका. विशेषतः "हां" तर नकोच. ईमेल मागा, आणि त्यात पूर्ण व अंतिम असे शब्द असतील तर स्वीकारण्याआधी घरी दोन दिवस ठेवा.

शेवटी, नुकसानीचा खरा भाग. त्या मुलीनं ज्या भीतीवर तुम्हाला दोन हजार लावले, त्यातली बरीचशी सोय तुमच्याकडे आधीपासून फुकट आहे. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार त्रयस्थानं कार्डावरून किंवा खात्यातून परस्पर पैसे काढले, चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एक पैशाचा भार नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भार मर्यादित. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर. मात्र ओटीपी आपणच वाचून दाखवला तर ही ढाल गळते. तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलं का हे बघायला प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात, तेही मोफत. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. हे सगळं नातीकडून एका रविवारी करून घ्या. तिनं तीन वर्षांची चोरी पाच मिनिटांत धरली, तिला अर्ध्या तासाचं काम आहे.

समजून उमजून कुणी सायबर विमा घेतला तर माझी हरकत नाही. व्यापारी पेठेतल्या, दिवसाला पन्नास ऑनलाईन व्यवहार करणाऱ्या माणसाला तो उपयोगीही पडेल. महिन्याला अडीच हजारांचं कार्ड वापरणाऱ्या निवृत्त शिक्षकाला तो विकणं याला मी विक्री म्हणत नाही. ग्राहकाला झेपेल, शोभेल अशीच वस्तू द्यावी हा हक्क रिझर्व्ह बँकेनं २०१४ च्या ग्राहक हक्कांच्या सनदेत लिहून ठेवला आहे. ती सनद आमच्या शाखेत दारामागे लावलेली होती. दार कायम उघडं असायचं, त्यामुळे कुणाला दिसायची नाही.

प्रश्न २

मॅडम, आम्ही अशोक चौकात राहतो. वडील यंत्रमागावर आहेत. मी हप्त्यांवर मोबाईल घेतला. घरी येऊन बघतो तर कर्जात मोबाईलच्या किमतीवर ८९९ रुपये जास्तीचे, 'वॉलेट आणि ओळख सुरक्षा' म्हणून. दुकानदार म्हणतो, ते घेतल्याशिवाय कर्ज पासच होत नाही. खरं आहे का?

उत्तर

नाही. कर्ज पास करतो वित्त कंपनीचा संगणक, आणि त्याला तुझी मिळकत आणि जुने हप्ते कळतात. ८९९ रुपयांची पुडी दुकानातल्या त्या टी-शर्टवाल्या पोराला कळते, कारण त्याला त्यावर कमिशन असतं.

१ ऑक्टोबर २०२४ नंतरचं कर्ज असेल तर वित्त कंपनीनं तुला मुख्य तथ्यांचं पत्रक द्यायलाच हवं. 'केएफएस' म्हणून माग. त्यात व्याज, सगळी शुल्कं आणि विम्यासारख्या त्रयस्थाच्या नावानं घेतलेले पैसेही मांडून, वर्षाला एकूण टक्के किती पडतात ते लिहिलेलं असतं. पत्रकात नसलेलं शुल्क तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. आणि ते तुला समजेल अशा भाषेत हवं. तू मराठी वाचतोस, पण कर्ज घरातल्या ज्याच्या नावावर आहे त्याला तेलुगूच येत असेल, तर तसं सांग. मोबाईलवर आलेल्या इंग्रजी पीडीएफवर बोट फिरवून सही घेतली, याला समजावून देणं म्हणत नाहीत.

दुकानदाराशी भांडत बसू नकोस, त्याच्या हातात काही नाही. वित्त कंपनीला लिही: अमुक क्रमांकाचं कर्ज, ८९९ रुपयांची योजना मागितलेली नव्हती, रद्द करून रक्कम मुद्दलातून वजा करा आणि हप्ता नव्यानं काढा. "मुद्दलातून वजा" हे शब्द महत्त्वाचे, कारण त्या ८९९ वर व्याजही धरलेलं असू शकतं. जितक्या लवकर लिहिशील तितकं सोपं. पंधरा दिवसांत लिहिणाऱ्याला आणि दहाव्या हप्त्याला जागं होणाऱ्याला एकच उत्तर मिळत नाही. हप्ते चालू ठेव. तीस दिवसांनी काय करायचं ते वरच्या सरांच्या उत्तरात आहे, वित्त कंपन्यांनाही तोच लोकपाल. दुकानदार "घेतल्याशिवाय होत नाही" असं व्हॉट्सॲपवर लिहून देतो का बघ. ही माणसं बोलतात ते सहसा लिहीत नाहीत, पण विचारायला काय जातं.

प्रश्न ३

ताई, आमचे चिरंजीव २००८ ते २०१२ इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला होते. तिथं त्यांच्या कार्डावर ओळखचोरीपासून संरक्षणाची पॉलिसी होती, वर्षाला ८० पौंडांच्या आसपास. आता ते सोलापुरातच असतात. गेल्या आठवड्यात फोन आला की ती पॉलिसी चुकीनं विकलेली होती, सरकारनं पैसे परत करायला लावलेत, तुमचे चारशे पौंड अडकलेत, ८,५०० रुपये प्रक्रिया शुल्क भरा. मुलगा भरायला निघालाय. जुनं स्टेटमेंट मी ट्रंकेत जपून ठेवलंय. काय करू?

एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर

वहिनी, आधी त्यांना थांबवा, मग पुढचं वाचा.

गोष्टीतला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच ती धोक्याची. ब्रिटनमध्ये कार्ड प्रोटेक्शन प्लॅन नावाच्या यॉर्कच्या कंपनीला तिथल्या नियामकानं नोव्हेंबर २०१२ मध्ये एक कोटी पाच लाख पौंडांचा दंड केला. कार्ड सुरक्षेची पॉलिसी विकताना एक लाख पौंडांच्या कवचाचं आमिष दाखवलं होतं, जे ग्राहकाला लागतच नव्हतं, कारण चोरीच्या व्यवहारांचा भार तसाही बँकच उचलत होती. आणि ओळखीच्या संरक्षणाची पॉलिसी विकताना धोका फुगवून सांगितला होता. जुळे सोलापूरच्या सरांना अक्षतेच्या दिवशी ऐकवलेलं पुराण हेच की! ऑगस्ट २०१३ मध्ये ती कंपनी आणि तेरा बँका व कार्ड कंपन्या यांनी मिळून एक अब्ज तीस कोटी पौंडांपर्यंत परत करण्याची योजना मान्य केली. सुमारे सत्तर लाख ग्राहक, दोन कोटी तीस लाख पॉलिसी. १४ जानेवारी २००५ नंतर घेतलेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या पॉलिसी त्यात बसत होत्या, म्हणजे चिरंजीवांची पॉलिसी त्या कंपनीची असेल तर तीही बसली असती.

पण दावा करायची मुदत ३० ऑगस्ट २०१४ ला संपली. ग्राहकांना पत्रं घरच्या पत्त्यावर गेली होती. तुमचे चिरंजीव तोवर लेस्टर सोडून आले होते, तेव्हा पत्र भलत्याच भाडेकरूच्या हातात पडलं असेल. हळहळ वाटते, पण तो दरवाजा बंद आहे. आणि तो उघडा होता तेव्हाही फॉर्म भरायला कुणाला एक पेनी द्यावी लागत नव्हती.

तेव्हा फोनवाल्याला चारशे पौंडांचा आकडा कुठून मिळाला? वर्षाला ८० आणि पाच वर्षं, असं चिरंजीवांनीच बोलता बोलता सांगितलं असेल, विचारून बघा. पैसे आधीच पाठवले असतील तर आज, आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते. पाठवले नसतील तर नंबर ब्लॉक करा, पण त्याआधी त्याचा फोटो काढून संचार साथीवर 'चक्षू' या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीत नोंदवा.

ट्रंकेतलं ते स्टेटमेंट फोनवाल्यानं व्हॉट्सॲपवर मागितलं होतं का? मागितलं असेल आणि चिरंजीवांनी पाठवलं असेल, तर त्यावर काय काय छापलंय ते एकदा चष्मा लावून बघून मला कळवा. पाठवलं नसेल तर बारीक फाडून चुलीत घाला.